बाळाच्या वाटीतल्या कण्या

ठाण्याहून भिवंडीकडे जाणारा जुना रस्ता बाळकुम मागे टाकून कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडतो आणि काल्हेरच्या शिवेत येतो, तेव्हा दोन्ही बाजूंना पसरलेल्या गोदामांच्या अखंड रांगा पाहून, एका पिढीपूर्वी येथे भाताची खाचरे होती आणि पावसाळ्यात लावणीची गडबड चाले, हे नव्याने येणाऱ्या माणसास सांगूनही खरे वाटत नाही. मुंबई-ठाण्याच्या घराघरांत पोचणारे धान्य, कापड, औषधे, भांडीकुंडी, किंबहुना संसारास लागणारे बहुतेक जिन्नस भिवंडी तालुक्यातल्या गोदामांत केव्हा ना केव्हा विसावा घेऊन पुढे जातात. अशा या गावात सकाळी आठाच्या सुमारास पाळीवर निघालेल्या बायांचे जथे रस्त्याने जात असतात, आणि त्याच वेळी मागे चाळीच्या उंबऱ्यावर आठ-दहा महिन्यांचे एखादे मूल, आजीच्या नाही तर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर बसून, चहात बुडवून मऊ केलेले बिस्कीट चोखत असते. साऱ्या महानगराचा शिधा ज्या गावातून जातो त्या गावातल्या तान्ह्या मुलाच्या वाटीत काय पडते, हा प्रश्न ते दृश्य पाहताना माझ्या मनाला वारंवार टोचत आला आहे. त्याचे उत्तर मला ज्या पदार्थात सापडते तो अत्यंत साधा आहे : भरडलेल्या गव्हाची, म्हणजे गव्हाच्या कण्यांची, मुगाची डाळ घालून घट्ट शिजवलेली लापशी.

या पदार्थाला नावे पुष्कळ आहेत आणि ती सारी आज काल्हेरच्या एकाच चाळीत ऐकू येतात. उत्तर प्रदेश-बिहारातून यंत्रमागावर किंवा हमालीवर आलेल्या घरातली बाई त्यास दलिया म्हणते. खानदेश-मराठवाड्याकडची बाई लापशी म्हणते. सोलापूरकडची, गूळ घालून केलेल्या गव्हाच्या खिरीला हुग्गी म्हणते. इथल्या मूळच्या आगरी घराला मात्र गहू हा थोडासा परका आहे. ते घर तांदळाच्या भाकरीवर आणि खाडीच्या मासळीवर वाढलेले, आणि त्याच्या लेखी बाळाचे पहिले अन्न म्हणजे भाताची पेज. आपल्या भाषेत 'कण्या' हा शब्द गरिबीचा वाचक आहे खरा. परंतु दुर्योधनाचे पक्वान्नांचे ताट नाकारून श्रीकृष्णाने विदुराच्या घरच्या कण्या प्रेमाने सेवन केल्याची कथा ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात ऐकली, त्या समाजास कण्यांची थोरवी नव्याने पटवून द्यावी लागू नये. तरीही ती पटवून देण्याची वेळ आली आहे, कारण कण्या मागे पडल्या आहेत आणि त्यांची जागा मैदा व साखर यांनी बळकावली आहे.

बाळाला वरचे अन्न केव्हा द्यावे, याविषयी आपल्या पूर्वजांत आणि आजच्या वैद्यकात फारसा मतभेद नाही, ही गोष्ट मोठी समाधानाची आहे. गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगितला. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न, आणि त्याच्या जोडीने दोन वर्षांपर्यंत किंवा त्याही पुढे अंगावरचे दूध, असेच सांगते. याचे कारण शरीराच्या हिशेबात आहे. जन्मताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो, आणि त्याच सुमारास वजन जन्मवेळच्या दुपटीच्या घरात गेलेल्या मुलाची भूक एकट्या दुधाने भागेनाशी होते. आपल्याकडे उष्टावणाचा संस्कार याच सुमारास होतो. मामाच्या मांडीवर बसवून, सोन्याच्या अंगठीने किंवा चांदीच्या नाण्याने, बाळाच्या जिभेला खीर लावतात. हा सोहळा मला फार प्रिय आहे. परंतु कित्येक घरांत असे घडते की, मुहूर्तासाठी म्हणून उष्टावण आठव्या महिन्यावर जाते. आणि ते झाल्यानंतरही ती पहिली खीर हीच जणू शेवटची ठरून बाळ पुन्हा बाटलीतल्या पातळ दुधावर आणि पेजेच्या निवळीवर येते. संस्कार हा आरंभ आहे. दुसऱ्या दिवसापासून रोजची वाटी भरली नाही, तर त्या संस्काराचा हेतूच निष्फळ होतो.

आता त्या पातळ पेजेचा विचार करू, कारण माझ्या मते आपल्या घराघरांतली सर्वांत मोठी चूक तिथेच आहे. लहान जिवाला हलके अन्न हवे, हलके म्हणजे पातळ, आणि पातळ म्हणजे पचनाला सोपे, अशी समजुतीची एक साखळी आपल्या मनात घट्ट बसली आहे. परंतु बाळाच्या जठराची धारणक्षमता वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर एवढीच असते; म्हणजे ७ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर अन्न मावते. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाखेरीज वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० उष्मांक लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ही गरज ३००वर, आणि वर्ष पुरे झाल्यावर सुमारे ५५०वर जाते. पोट एवढेसे आणि गरज एवढी मोठी, अशा स्थितीत त्या पोटात पाणी भरणे म्हणजे भुकेची जागा अडवून भूक तशीच ठेवणे होय. आई म्हणते, 'बाळ वाटीभर प्यायले', आणि ते खरे असते. पण त्या वाटीत अन्न किती होते हे कोणी मोजलेले नसते. उलटपक्षी २० ग्रॅम गव्हाची भरड, ५ ग्रॅम मुगाची डाळ आणि एक लहान चमचा तूप एवढ्यांची घट्ट लापशी शिजवली, तर तिच्यातून सुमारे १२५ उष्मांक मिळतात, आणि दिवसातून अशा दोन लहान वाट्यांनी आठ महिन्यांपर्यंतच्या बाळाची गरज भागते. लापशी पुरेशी घट्ट झाली की नाही, हे ओळखण्यास कोणतेही यंत्र नको : चमचा तिरपा केला असता जी ओघळून जाते ती पेज, आणि जी चमच्यावर टिकते ती बाळाची लापशी.

पातळपणाच्या जोडीला दुसरी एक भ्रांती आहे, आणि ती एका सुंदर शब्दाच्या आडोशाला वाढली आहे. तो शब्द म्हणजे 'सत्त्व'. गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाटून, फडक्यातून गाळून, वरची निवळ ओतून टाकल्यावर भांड्याच्या तळाशी जो पांढराशुभ्र चीक बसतो, तो वाळवून बाळासाठी 'गव्हाचे सत्त्व' म्हणून मोठ्या मायेने डब्यात भरून ठेवतात. ज्या आज्या हे कष्ट घेतात त्यांच्या वात्सल्यापुढे मी नतमस्तक आहे. तथापि हाच चीक आपण उन्हाळ्यात कुरडयांसाठी करतो, आणि त्यात मुख्यत्वे पिष्ट असते, हे विसरता कामा नये. गव्हातली प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा फडक्यात राहिलेल्या चोथ्याबरोबर गोठ्यात जातो, आणि ज्याला आपण सत्त्व म्हणून बाळास भरवतो त्यात पोट भरण्यापलीकडे थोडेच उरते. अखंड गव्हात दर १०० ग्रॅममागे सुमारे १० ते ११ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. मैद्यात लोहाचे हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. धान्याचे खरे सत्त्व त्याच्या अखंडत्वात आहे. भरडताना दाणा फुटतो, परंतु त्यातले काही फेकले जात नाही, आणि म्हणूनच सत्त्व हे नाव शोभावयाचे असेल तर ते चिकापेक्षा भरडीलाच अधिक शोभेल.

'गहू बाळाला जड पडतो, उष्ण पडतो', असा एक आक्षेप भात खाणाऱ्या कोकणपट्टीत हमखास ऐकू येतो, आणि तो वडीलधाऱ्यांच्या मुखातून येत असल्यामुळे त्याचा आदरपूर्वक विचार केला पाहिजे. आयुर्वेदाने गव्हास गुरु म्हटले आहे हे खरे. परंतु त्याच आयुर्वेदाने त्यास स्निग्ध, बृंहण म्हणजे पुष्टिकारक, आणि शीत असेही म्हटले आहे, तेव्हा उष्णतेचा आरोप परंपरेच्याच साक्षीने निकालात निघतो. राहिली गुरुत्वाची गोष्ट. जो पदार्थ जड आहे तो नीट भाजून, बारीक भरडून, पुरता शिजवून आणि थोड्या प्रमाणात सुरू करून द्यावा, हेच त्यावरचे उत्तर आहे. खरे कारण असे दिसते की, या पट्ट्यात गहू परसात पिकला नाही. तो बाहेरून आला. अमेरिकेशी १९५६ साली झालेल्या पी. एल. ४८० करारान्वये आलेला गहू, आणि पुढे पंजाब-हरियाणाच्या हरितक्रांतीचा गहू, शिधावाटपाच्या दुकानांतून या किनाऱ्यापर्यंत पोचला. १९७२च्या दुष्काळात मिळालेल्या सुकडीची, म्हणजे सरकारी पौष्टिक पिठाची, आठवण तर आजही राज्यभर साठी ओलांडलेली माणसे काढतात. अशा रीतीने सरकारी धान्य म्हणून आलेला गहू पोळीच्या रूपाने घरात रुळला, पण बाळाच्या वाटीपर्यंत जाण्याइतका आपला मात्र झाला नाही. तो आता आपला करून घेणे युक्त होईल, कारण तो आपल्या हक्काचा आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३, याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणशी महिन्याला ५ किलो धान्य देय आहे, आणि माणशी या शब्दात तान्हे मूलही येते. दिवसाला ४० ग्रॅम भरड धरली तर बाळाला महिन्याकाठी सव्वा किलो गहूही लागत नाही. तेव्हा जन्मदाखला हाती येताच बाळाचे नाव शिधापत्रिकेवर चढवून घ्यावे; आणि परप्रांतातून आलेल्या कुटुंबांनी, एक देश एक शिधापत्रिका या व्यवस्थेमुळे आपला वाटा काल्हेरच्या दुकानातही उचलता येतो, हे ध्यानात ठेवावे.

कृती इतकी सोपी आहे की ती वर्तमानपत्रात छापावी लागते याचेच एखाद्या आजीला नवल वाटेल. पण ज्या तरुण आईजवळ आजी नाही, जी लग्न होऊन थेट एका खोलीच्या बिऱ्हाडात आली आहे, तिच्यासाठी ती सांगणे अगत्याचे आहे. गहू निवडून, धुऊन, वाळवून मंद आचेवर खमंग भाजावा आणि जात्यावर, मिक्सरमध्ये किंवा गिरणीत भरडून घ्यावा. ही भरड चाळली की खाली जो रवाळ भाग पडतो तो सहा-सात महिन्यांच्या बाळासाठी, आणि चाळणीत ज्या कण्या उरतात त्या वर्षाच्या पुढच्या मुलासाठी. चार वाट्या भरडीला एक वाटी भाजलेली मुगाची डाळ, हे प्रमाण लक्षात ठेवावे, कारण गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते आणि डाळ ती उणीव भरून काढते. चौपट पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवावे, पळीच्या पाठीने घोटावे आणि वरून तूप किंवा तेल सोडावे. प्रारंभी दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी. नवव्या महिन्यापासून घोटणे कमी करीत जावे, म्हणजे बाळ चावावयास शिकते. आणि वर्षाच्या मुलाला त्याच कण्यांची गाजर, लाल भोपळा, पालक घालून केलेली खिचडी घरातल्या सर्वांच्या पंगतीत द्यावी. वर्षाच्या आत मध देऊ नये, मीठ व साखर घालू नये, आणि लापशी पातळ करून बाटलीत भरण्याचा मार्ग तर कदापि अवलंबू नये; वाटी आणि चमचा हीच बाळाची भांडी होत. सकाळी शिजवलेले संध्याकाळपर्यंत उघड्यावर ठेवून पुन्हा भरवू नये, कारण आपल्या दमट हवेत अशाच अन्नातून जुलाब सुरू होतात आणि चार महिन्यांत वाढलेले वजन चार दिवसांत उतरते.

घट्ट लापशी बाळ गिळत नाही, अशी तक्रार असेल तर तिच्यावरही उपाय आहे, आणि तो आपल्याच देशात शास्त्रशुद्ध रीतीने पारखला गेला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात असे दाखवून दिले की, मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळलेल्या धान्याचे चमचाभर पीठ गरम घट्ट लापशीत मिसळले, तर मोडांतल्या अमायलेज या विकरामुळे पिष्टाचे बंध सुटतात आणि पाण्याचा थेंबही न वाढवता लापशी सैल होते. म्हणजे पोटात जाणारे अन्न तेवढेच राहते, केवळ गिळणे सुकर होते. मूठभर गहू रात्री भिजत घालून फडक्यात बांधणे, यापलीकडे त्यास खर्च नाही.

या पदार्थाची मी एवढी स्तुती करीत असलो तरी त्याच्या मर्यादा लपवून ठेवणे हा वाचकांशी अपराध होईल. अखंड धान्यात लोह असते, तसेच फायटेट हे द्रव्यही असते, आणि ते लोहाच्या शोषणास अडथळा करते. म्हणून गव्हाच्या लापशीने एकटीने बाळाचा पंडुरोग हटेल असे कोणी समजू नये. लापशीत लिंबाचे चार थेंब, टोमॅटो किंवा किंचित आवळा घातला तर शोषण सुधारते. आणि ज्या घरांत सामिष अन्न चालते तेथे अंडे, काटे काढून कुसकरलेली मासळी आणि क्वचित काळीज हे पदार्थ सातव्या महिन्यापासूनच वाटीत यावेत. खाडीकाठच्या आगरी-कोळी घराला हे सांगण्याची गरज पडू नये; परंतु मासळी मोठ्यांच्या ताटात आणि बाळाला मात्र पेज, असा दस्तूर तिथेही पुष्कळ आढळतो. दुसरी गोष्ट ग्लुटेनची. गव्हातले हे प्रथिन काही थोड्या मुलांना सोसत नाही. कोणताही नवा पदार्थ दोन-तीन दिवस एकटा देऊन पाहावा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, किंवा जुलाब चालू राहून पोट फुगले व वजन खुंटले, तर गहू थांबवून डॉक्टरांकडे जावे. मात्र या भयाने सरसकट सर्व बाळांना गव्हापासून दूर ठेवण्यास आधार नाही. आणि गहू हे काही एकमेव धान्य नव्हे : आज गहू, उद्या नाचणी, परवा तांदूळ-मुगाची घट्ट खिचडी, असा फेर असावा, नाचणीत तर चुन्याचा अंश गव्हापेक्षा कितीतरी अधिक आहे.

दुकानातल्या आकर्षक डब्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. शिशुआहाराच्या जाहिरातींनी आईचे मन वळवू नये, यासाठी आपल्या संसदेने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक करून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आहाराची कोणत्याही प्रकारची जाहिरात निषिद्ध ठरवली. जगातल्या कठोर कायद्यांत त्याची गणना होते. असे असूनही, २०२४ साली एका परदेशी संस्थेने केलेल्या तपासणीत, भारतात विकल्या जाणाऱ्या एका नामांकित शिशुआहारात दर वाढणीमागे सरासरी सुमारे ३ ग्रॅम साखर आढळली, आणि युरोपात त्याच प्रकारचा आहार साखरेविना विकला जात असल्याचे निदर्शनास आले. ज्या जिभेला सहाव्या महिन्यात साखरेची सवय लागते, तिला सातव्या महिन्यात साधी लापशी बेचव लागली तर दोष लापशीचा नव्हे. उलट ज्या बाळाला पहिल्यापासून भाजलेल्या गव्हाचा खमंग वास आणि तुपाचा स्वाद मिळतो, ते तोच आवडीने मागते; पहिल्या दिवशी जिभेने बाहेर ढकललेला घास आठ-दहा वेळा धीराने पुन्हा देऊन पाहिला, तर बहुधा स्वीकारला जातो. भरवणाऱ्याने सक्ती करू नये, आणि एकदाचा नकार अंतिमही मानू नये.

येथवर मी घराला उद्देशून लिहिले. परंतु सर्व उपदेश आईच्या पदरात टाकून मोकळे होणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय आपण फार दिवस करीत आलो आहोत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना पंडुरोग आहे. कृशतेच्या बाबतीत हे पुढारलेले राज्य देशाच्या १९.३ टक्के या सरासरीच्याही मागे आहे. ज्या राज्यात धान्याची कोठारे भरलेली आहेत, तेथे ही दुरवस्था केवळ आयांच्या अज्ञानाने झाली, असे म्हणणारा मनुष्य काल्हेरच्या नाक्यावर सकाळी आठ वाजता उभा राहिलेला नसावा. पाळीवर निघालेल्या त्या बाईजवळ गहू आहे, तूप नसले तरी तेल आहे, माया तर अपार आहे. तिच्याजवळ नसतो तो वेळ. दिवसातून तीन-चार वेळा, चमच्या-चमच्याने, धीर धरून भरवण्यास जो वेळ लागतो, तोच तिने पाळीला विकलेला असतो. आणि मागे राहिलेल्या सात वर्षांच्या बहिणीला बिस्किटाचा पुडा फोडता येतो, लापशी शिजवता येत नाही.

यास्तव सार्वजनिक व्यवस्थेचा विचार अपरिहार्य ठरतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. परंतु अंगणवाडी हा शब्द आणि त्यामागची दृष्टी त्याहून जुनी आहे, आणि ती याच जुन्या ठाणे जिल्ह्याची देणगी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्यात शाळेने मुलाच्या अंगणात जावे हा विचार मध्यवर्ती होता. त्या विचाराचा वारसा सांगणाऱ्या अंगणवाडीतून आज सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी नेण्याचा कोरडा आहार मिळतो, आणि कायद्याने तो दिवसाला ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणारा असावा लागतो. तो दूरच्या कारखान्यातून बंद पाकिटात येण्याऐवजी गावातल्याच महिला बचत गटाने भाजून, भरडून, डाळ मिसळून द्यावा, ही माझी पहिली मागणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजीच अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, गावसमूह, बचत गट व महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे, असा हुकूम दिला होता, तेव्हा ही मागणी नवी नाही. केवळ तिच्या अंमलबजावणीची तजवीज राहिली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गहू, हरभरा, शेंगदाणे व गूळ यांचे 'हैदराबाद मिश्रण' कुपोषित मुलांसाठी केव्हाच सिद्ध केले आहे; त्याचा मुख्य घटक गहूच आहे, आणि त्यातला एकही जिन्नस काल्हेरच्या किराणा दुकानात दुर्मिळ नाही.

माझी दुसरी मागणी पाळणाघराची आहे आणि ती मी अधिक आग्रहाने मांडतो. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक ठरले. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. ज्या दिवशी बाळाला पहिला घास द्यावयाचा त्याच दिवशी आईची रजा संपते, आणि म्हणून रजेनंतरच्या पाळणाघराशिवाय तो कायदा अर्धाच राहतो. पण गोदामांतल्या कितीतरी बायका कंत्राटदारामार्फत, रोजंदारीवर असतात. त्यांना ना रजा मिळते ना पाळणाघर, कारण कोणत्याच एका मालकाच्या दफ्तरात त्यांची नावे पुरेशा संख्येने चढत नाहीत. यावर मार्ग एकच आहे : प्रत्येक गोदामाची स्वतंत्र मोजदाद न करता गोदामांच्या समूहामागे एक सामाईक पाळणाघर असावे. भिवंडीच्या परिसरातल्या या गावांत नियोजन प्राधिकरण म्हणून काम करणाऱ्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, नवीन गोदाम-संकुलाचा नकाशा मंजूर करताना वाहनतळ आणि अग्निशमन यांची जागा पाहतात तशीच पाळणाघराची जागा पाहावी, आणि केंद्राच्या पाळणा योजनेखाली अंगणवाडीसह पाळणाघर चालवण्याची जी सोय आहे तिचा लाभ ग्रामपंचायतीने मागून घ्यावा. तिथे एक शेगडी, एक कुकर, भरडीचा डबा आणि अंगणवाडीच्या ताईंसारखी एक शिकवलेली बाई असली, की दिवसातून तीन वेळा ताजी, घट्ट, कोमट लापशी पंचवीस-तीस मुलांच्या तोंडी पडेल, आणि आई दुपारच्या सुटीत येऊन बाळाला पाजूनही जाईल. ज्या संकुलात मालाच्या प्रत्येक खोक्यासाठी फळी आखून ठेवलेली असते, तेथे मुलांसाठी एक खोली काढणे अशक्य आहे, हे मला मान्य होत नाही.

मुलाच्या पहिल्या दोन वर्षांतली हानी पुढे भरून काढणे फार कठीण असते. दोन वर्षांच्या वयात मेंदूचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे चार पंचमांश झालेला असतो, आणि तो वाढवणारे अन्न त्याच मुदतीत पोचावे लागते. म्हणून काल्हेरच्या आणि काल्हेरसारख्या गावांतल्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या घरात, शेजारच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावरच्या परप्रांतीय बिऱ्हाडात सहा महिन्यांचे मूल असेल, तर येत्या रविवारी मूठभर गहू भाजून भरडा, त्यात मुगाची डाळ घाला, आणि चमच्यावर टिकेल अशी लापशी त्या आईच्या देखत शिजवून तिच्या हाती द्या. आणि येत्या ग्रामसभेत पाळणाघराचा ठराव मांडून त्यावर आपली सही करा. सव्वा किलो गहू आणि एक खोली, एवढ्यावर एका गावातल्या मुलांचे बाळपण सावरू शकते.